तिसऱ्या सहीची पानगळ

चंदीगडमध्ये पानं मार्चमध्ये गळतात. अकरा वर्षांपूर्वी मी कराडहून इथे आले, तेव्हा हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आमच्याकडे मार्च म्हणजे आंब्याला धरलेल्या कैऱ्या आणि दुपारच्या उन्हात गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया. इथे थंडी संपली म्हणून स्वेटर धुऊन दोरीवर घालावेत, तर संध्याकाळी त्यांच्या बाह्यांतून पिवळी पानं काढत बसावं लागतं. पिलखन, कुसुम, पिंपळ, सगळी झाडं जणू एकमेकांना विचारून एकाच आठवड्यात सुरुवात करतात. सेक्टरच्या रस्त्यावर सकाळी झाडूवाल्या बायकांच्या लांब झाडूंचा आवाज सुरू होतो आणि त्यांनी पुढचा रस्ता झाडेपर्यंत मागचा पुन्हा भरलेला असतो.

"मम्मा, आपका सीज़न आ गया," माझी लेक इरा म्हणते. ती मराठी सगळं समजते आणि हिंदीतून उलट उत्तर देते. सीझन आला म्हणजे आई आता महिनाभर चिडचिडणार, असा तिचा अर्थ. दोन वर्षं झाली, तिचं म्हणणं खरंच आहे. दोन वर्षांपूर्वी अशीच पानं गळत असताना माझ्या हातून एक चूक झाली. ती फार सभ्य, नीटनेटकी, नियमात बसणारी चूक होती, आणि म्हणूनच तिची चुटपुट अजून जात नाही.

या वर्षी पानगळ आली ती नोटीस घेऊनच.

मी डेराबस्सीच्या एका औषधाच्या कारखान्यात काम करते. गुणवत्ता तपासायच्या लॅबमध्ये. माझे यजमान मिलिंद केंद्र सरकारच्या नोकरीत; त्यांची बदली तीन वर्षांनी व्हायची ती टळत टळत अकरा वर्षं इथेच राहिलो. पहिल्या सहा महिन्यांत घरी बसून मला वेड लागायची पाळी आली, तेव्हा मी सायन्सची जुनी पदवी ट्रंकेतून काढली आणि झिरकपूरच्या उड्डाणपुलावरून जाणारी कंपनीची बस पकडली. तेव्हा तो कारखाना एका म्हाताऱ्या सरदारजींचा होता. सगळे त्यांना 'बडे साहब' म्हणत. गेटवर त्यांच्या आईच्या नावाची पाटी होती, निळ्या रंगात, हातानं रंगवलेली.

तिथे मुख्यतः सिरप बनत. खोकल्याचं, भुकेचं, आणि एक लहान मुलांच्या फिट्सचं. हे शेवटचं फार स्वस्त होतं. त्यात कंपनीला काही सुटत नसे, तरी बडे साहेब ते बंद करत नव्हते. "ए बंद नहीं होणा," एवढंच ते म्हणत, कारण विचारायची कुणाची टाप नव्हती.

आमच्याकडे एक रीत होती. औषध मिसळायच्या आधी साखरेचा नुसता पाक तयार होतो, तो तीन माणसांनी चाखायचा. सकाळी अकरा वाजता. त्याआधी जीभ बिघडू नये म्हणून चहा घ्यायचा नाही. तीन स्टीलचे चमचे, वाफेवर उकळून घेतलेले, एका ट्रेमध्ये. एक चमचा माझा, एक लॅब अटेंडंट बलविंदरजींचा आणि एक क्वालिटीचे मुख्य गिलसाहेब यांचा. बलविंदरजी काचेची भांडी धुवायच्या, पण त्यांची जीभ आम्हा दोघांपेक्षा तिखट होती. त्यांनी मान हलवली नाही, तर गिलसाहेबही सही करत नसत. मात्र रजिस्टरवर बलविंदरजींची सही कधीच नसायची. अटेंडंटच्या पदाला सही नाही, असा नियम होता.

मी नवीन असताना एकदा पाक तळाशी लागला होता. पाहून कळत नव्हतं, चाखून कळत होतं. गिलसाहेबांनी शेरा लिहायला सांगितलं आणि मला काही केल्या शब्द सापडेना. 'जला हुआ' नव्हता तो. जळण्याच्या अलीकडची जी चव असते, दूध किंचित लागलं की आई तोंड वाकडं करून जे म्हणते, ते होतं. मी इंग्रजी अक्षरांत 'करपट' लिहून मोकळी झाले. पुढच्या आठवड्यात पाकाच्या कढईवरचा माणूस मला विचारत आला, "मॅडमजी, करपट ते नहीं?" वर्षभरात सगळा कारखाना तो शब्द वापरायला लागला. बलविंदरजींच्या घरी डाळ लागली तरी ती करपट होऊ लागली. माहेरच्या स्वयंपाकघरातला एक शब्द पंजाबात नांदायला लागलेला पाहून मला जो आनंद झाला, तो पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

बडे साहेब गेले आणि त्यांच्या मुलांना कारखाना नको होता. ते कॅनडात होते. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत बातमी आली की दक्षिणेतली एक मोठी कंपनी आम्हाला विकत घेते आहे.

खरं तर विलीनीकरण या शब्दाशी माझी ओळख जुनी. माझं बँकेतलं खातं तेच आहे, पण मी खुर्चीतून उठलेही नाही आणि बँकेचं नाव दोनदा बदलून गेलं. फोनचं सिम मी कधी एका कंपनीकडून घेतलं होतं, ती दुसरीत गेली, दुसरी तिसरीत. सिमेंट, विमानं, बातम्या देणारी चॅनेलं, रोज कुणीतरी कुणाला तरी गिळतंय आणि दोघंही हसत हात मिळवतानाचे फोटो येतात. टीव्हीवर चार माणसं काळजी करतात, शेअर वर जातो, माणसं दुसऱ्या बातमीकडे वळतात. मीही वळायचे. माझं स्वतःचंही एकदा विलीनीकरण झालेलंच आहे म्हणा. आडनाव गेलं, पत्ता गेला, आमटीत गूळ घालायची सवय तेवढी मी आणली. पण त्या व्यवहारात अंतरपाट दूर व्हायच्या आधी कुणाची काही हरकत आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं. कंपन्यांच्या बाबतीत विचारतात. हे मला तेव्हा कळलं.

आधी नवीन लोक पाहणीला आले. पांढरे बूट, गळ्यात ओळखपत्रं, फार नम्र. प्रत्येक वस्तूवर ते बारकोडचे स्टिकर लावत चालले होते. फ्रीजवर, वजनकाट्यावर, माझ्या खुर्चीच्या पाठीवर. त्यातल्या एका मुलीनं रजिस्टर चाळून मला विचारलं, "मॅम, ये करपट कौनसा पॅरामीटर है? इसकी लिमिट क्या है?" मी तिला सांगायचा प्रयत्न केला. आई, दूध, पातेल्याचं बूड. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "पर इसका नंबर क्या आएगा?" बलविंदरजी मागे परीक्षानळ्या धूत होत्या, त्यांचे खांदे हलत होते. मग त्या मुलीनं तिन्ही चमच्यांच्या दांड्यांवर एकेक स्टिकर लावला आणि ती निघून गेली. चाखायची रीत त्याच आठवड्यात बंद झाली. ती कुठल्याच लिखित पद्धतीत बसत नव्हती.

मी उगीच कुणाला खलनायक करणार नाही. नव्या कंपनीनं पुढे लॅबमध्ये एसी बसवला, जो बडे साहेबांनी आयुष्यभर बसवला नसता. आरोग्य विमा दिला, त्यात सासूसासरेही बसले. बसची सीट पहिल्यांदा फाटकी नव्हती. हे सगळं त्यांनी आधीच कबूल केलं होतं, त्यामुळे मी खूशही होते, अगदी त्या सभेपर्यंत.

कँटीनमध्ये पडदा लावून ती सभा झाली. दोन नद्या एकत्र येतानाचं चित्र, खाली मोठी मोठी वाक्यं. मग एक यादी आली, दोन्ही कंपन्या बनवत असलेल्या सारख्याच औषधांची. प्रत्येक जोडीतलं एक नाव राहणार होतं, एकावर रेघ होती. फिट्सच्या सिरपच्या ओळीत रेघ आमच्यावर होती. चित्र पाच सेकंद राहिलं असेल. मी वळून पाहिलं तर बलविंदरजी चहाचा कप तोंडाशी तसाच धरून उभ्या होत्या.

त्यांची मुलगी सिमी तेव्हा चार वर्षांची होती. पहिल्या वर्षापासून तिला फिट्स येत आणि वर्षाच्या आत ज्या सिरपनं त्या थांबवल्या ते आमचंच होतं. आपण भांडी धुतो त्याच लॅबमधून आपल्या लेकीचं औषध जातं, याचा बलविंदरजींना केवढा अभिमान. या भागात ते औषध दोनच कंपन्या बनवत. आम्ही, आणि आम्हाला विकत घेणारे. आता दोन्ही एकाच हातात जाणार होत्या.

"पर दूसरा तो मिलेगा ना, मॅडमजी?" त्यांनी मला बसमध्ये विचारलं.

"मिलेगा," मी म्हणाले. मला खात्री नव्हती.

त्याच आठवड्यात पेपरात नोटीस आली. छोट्या टायपात, आतल्या पानावर. या व्यवहारामुळे ज्या कुणाला झळ पोहोचत असेल, त्यानं अमुक मुदतीत आपलं म्हणणं सरकारी आयोगाला लेखी कळवावं. कुणीही. मी ते 'कुणीही' पुन्हा पुन्हा वाचलं. मिलिंदना दाखवलं तर ते हसून म्हणाले, "अशा नोटिसा छापायच्या असतात, उत्तरं द्यायची नसतात." सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे मत म्हणजे तज्ज्ञाचं मत. पण मी पदर खोचला. पत्र लिहिलं. दोन कंपन्या, एक औषध, एकच हात. दुसऱ्या कारखान्यात काही बिघडलं, तर उत्तरेतल्या या पोरांनी काय घ्यायचं? दोन पानं झाली. मला वाटतं मी आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं पत्र होतं.

आणि मग मी ते केलं जे फक्त औषधाच्या कारखान्यातलं माणूस करेल. पत्राच्या खाली तीन रकाने आखले. तयार करणार, तपासणार, मंजूर करणार.

आमच्याकडे कुठलाही कागद तीन सह्यांशिवाय हलत नाही. नळाचं पाणी तपासल्याचा कागद असो, नाहीतर उंदरांचा पिंजरा तपासल्याचा. रकाना रिकामा राहिला तर तो गुन्हा. नऊ वर्षांत हे माझ्या हाडात मुरलं होतं. पहिली सही मी केली. दुसरी शेजारच्या टेबलावरच्या सिनिअर केमिस्टनं दोन ठिकाणी स्वल्पविराम टाकून केली. तिसरी गिलसाहेबांची. मी पत्र पारदर्शक फोल्डरमध्ये घालून, वर 'सहीसाठी' असा पिवळा कागद चिकटवून, त्यांच्या टेबलावर ठेवलं. गिलसाहेब होळीच्या सुट्टीला जोडून शिखांच्या होला मोहल्ल्याच्या जत्रेसाठी आनंदपूरला गेले होते. दरवर्षी जात. तिथे लंगरमध्ये पोळ्या लाटत, फोन घरी ठेवून.

मुदत शुक्रवारी संपत होती. बुधवारी मी टेबलावरचं फोल्डर पाहिलं. गुरुवारी पाहिलं. शुक्रवारी पाहिलं, पंख्याच्या वाऱ्यानं पिवळा कागद फडफडत होता, आणि मी माझ्या जागेवर जाऊन पाण्याचे नमुने तपासत बसले. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हे पत्र कारखान्याचं नाही, माझं आहे.

सोमवारी गिलसाहेब आले. उन्हानं काळवंडलेले, खूश. पत्र उभ्यानं वाचलं, चष्मा काढला आणि लगेच सही केली. मग तारीख पाहिली.

"पुत्तर, ये तो निकल गई."

"आपकी साइन बाकी थी, सर."

त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "इसमें मेरी क्या ज़रूरत थी? तू भेज देती."

मी तरीही पाठवलं. एका ओळीचं उत्तर आलं, की मुदतीनंतर आलेलं म्हणणं विचारात घेता येत नाही. एप्रिलमध्ये गेटवरची निळी पाटी उतरली. वेळेत पोहोचलं असतं तर काही बदललं असतं का, मला ठाऊक नाही. कदाचित नसतंच. पण जे पत्र कुणी उघडलंच नाही, त्याच्याबद्दल असं म्हणायचीही सोय उरत नाही.

आमचं सिरप बंद झालं. त्यांचं मिळत होतं, काही महिने व्यवस्थित. मग त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्यांच्या कारखान्यात काही दुरुस्ती निघाली आणि दुकानांतून ते गायब झालं. बलविंदरजी सुट्टी घेऊन मोहालीपासून मुल्लानपूरपर्यंत दुकानं पालथी घालत होत्या. मीही बसमधून उतरल्यावर प्रत्येक सेक्टरच्या मार्केटमध्ये विचारत सुटले. "पीछे से नहीं आ रहा जी," हे एकच वाक्य. शेवटी डॉक्टरांनी मोठ्यांच्या गोळ्या दिल्या, चार तुकडे करून एकेक द्यायला. बलविंदरजींनी मला करून दाखवलं, भाजीच्या सुरीनं, ताटलीत. चारही तुकडे वेगवेगळे पडत, आणि उरायची ती पूड. पोरगी थुंकून टाकायची. एके दुपारी लॅबमध्ये फोन आला. सिमीच्या शाळेतून. अडीच वर्षांनी तिला पुन्हा फिट आली होती, पायरीवर.

कपाळाला चार टाके पडले. ती सावरली, महिन्याभरात औषधही परत आलं. हॉस्पिटलच्या बाकावर बलविंदरजींच्या शेजारी बसून मी म्हणाले, ते पत्र मी वेळेत पाठवलं नाही. त्यांना वाटलं, मला रडू येतंय म्हणून मी काहीतरी बोलते आहे. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. मला त्या क्षणी माझी स्वतःची एवढी चीड आली की मी तिथून उठून नळावर जाऊन तोंड धुतलं.

आता हा मार्च. बस झिरकपूरच्या पुलावर अडकलेली असताना मी फोनवर बातमी वाचली. ज्यांनी आम्हाला विकत घेतलं, त्यांनाच आता त्यांच्याहून मोठी, परदेशी पैशावरची एक कंपनी विकत घेते आहे. गेटवर तिसरी पाटी लागणार. बातमीच्या शेवटी एक वाक्य होतं, न परवडणारी छोटी उत्पादनं टप्प्याटप्प्यानं कमी केली जातील. दोनांतलं एक आधीच गेलं होतं. आता उरलेल्या त्या एकाची पाळी. चार दिवसांनी नोटीस आली, तोच छोटा टाइप, तेच 'कुणीही'. त्याच दिवशी कारखान्यात परिपत्रक फिरलं, कर्मचाऱ्यांनी या व्यवहाराबद्दल बाहेर कुठेही बोलू नये.

मिलिंदनी दोन्ही कागद वाचले. या खेपेला ते हसले नाहीत. "नाव घालू नकोस," ते म्हणाले. "'एक हितचिंतक' लिही. नोकरी जाईल."

"नोकरी जाईल," मी म्हटलं. "पण अकरा वर्षांत मी एकाही कागदावर हितचिंतक म्हणून सही केलेली नाही."

त्यांनी दोन्ही कागद नीट घडी करून ठेवले. मग म्हणाले, "विमा गेला तर आई-बाबांना माझ्या ऑफिसच्या योजनेत घालता येईल. उद्या विचारतो." लग्नाच्या वीस वर्षांत त्यांनी मला इतकं प्रेमाचं काही सांगितल्याचं आठवत नाही.

जुनं पत्र मी पुन्हा काढलं. आता ते मला चांगलं वाटेना. फार सरळ, फार स्वच्छ, कुणाचंच नसलेलं. मी बलविंदरजींना विचारून त्यात सिमी घातली. भाजीची सुरी घातली. ताटलीतले चार तुकडे, शाळेची पायरी, कपाळावरचे टाके. उत्तरेतली पोरं असं जिथे लिहिलं होतं, तिथे एका पोरीचं नाव आलं. इरानं मजकूर टाइप करून दिला आणि पहिल्यांदाच न सांगता मराठीत विचारलं, "आई, ही सिमी आता बरी आहे ना?"

आज सकाळी कंपनीच्या बसनं नेहमीसारखी गेले नाही. बलविंदरजी आणि मी, दोघींनी रजा टाकली. त्या आमच्या घरी आल्या, सिमीला घेऊन. पोरगी अंगणात पानं गोळा करून त्यांचा ढीग करत होती आणि वारा तो पुन्हा पसरत होता. मी पत्र छापून घेतलं, सही करून, फोटो काढून आयोगाला पाठवायचं होतं. टेबलावर कागद ठेवला आणि माझं मलाच हसू आलं. इरानं जुन्या पत्राचीच फाइल वापरली होती. तळाशी तीन रकाने तसेच होते.

पहिल्यात मी सही केली. पूर्ण नाव, पत्ता, हुद्दा.

"गिल साहब?" बलविंदरजींनी विचारलं.

"आनंदपूर."

होळी कालच झाली होती. सिनिअर केमिस्टची तर गेल्या वर्षीच बद्दीच्या कारखान्यात बदली झाली. मी उरलेल्या दोन रकान्यांवर रेघ मारायला पेन उचललं, तर बलविंदरजींनी माझ्या हातातून ते काढून घेतलं. कारखान्यात त्यांच्या पदाला सही नाही. दुसऱ्या रकान्यात, तपासणार असं लिहिलं होतं तिथे, त्यांनी गुरुमुखीत सावकाश आपलं नाव लिहिलं.

"चेक तो मैं ही करती हूँ जी," त्या म्हणाल्या. "सिमी की दवाई. रोज़, रात की रोटी से पहले. पाँच साल से."

मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजत होते, आणि दोघींनीही अजून चहा घेतला नव्हता. मुदत संपायला आठ दिवस होते. तिसरा रकाना रिकामा होता. आम्ही तो तसाच पाठवला.